यंत्राची कड आणि ३२ मिलिमीटर

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. भर पावसाळ्यात नवे यंत्र घेण्याचा आमचा विचार नव्हता. परंतु एका ग्रंथालयाचे काम हाती आले आणि तो करावा लागला. १८ मिलिमीटर प्लायवूडची पुस्तकांची कपाटे, त्यांना दर्शनी बाजूने सागवानी पट्ट्या आणि वाचनकक्षासाठी सागवानी खुर्च्या असे ते काम होते. बाहेरून एकही स्क्रू दिसता कामा नये, ही ग्राहकाची अट होती. त्यामुळे सांधे लाकडी खुंट्यांचे, म्हणजे हल्ली सगळे ज्यांना डॉवेल म्हणतात त्यांचे करायचे ठरले.

तोवर आमचे काम हातातले ड्रिल आणि पोलादी जिग, म्हणजे ड्रिलचे बिट नेमक्या जागी धरणारा साचा, यांवर चालत असे. जिग वाईट नव्हता, पण सागाच्या पट्टीच्या टोकात भोक पाडताना बिट भरकटते, हा आमचा जुना अनुभव होता. सागाच्या वार्षिक वलयात सुरुवातीच्या वाढीचा पट्टा मोठ्या छिद्रांचा व मऊ असतो आणि नंतरचा घट्ट असतो, त्यामुळे बिटाचे टोक मऊ बाजूकडे ओढले जाते. सागात सिलिकाही असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर मरते. दोन-चार सांध्यांत हे सांभाळून घेता येते. कपाटांची रांग लावायची असेल तेव्हा येत नाही.

विचारात दोन यंत्रे होती. पहिले दोन बिटांचे डॉवेल यंत्र, ज्यात एकाच दाबात ३२ मिलिमीटर अंतरावर दोन भोके पडतात; युरोपीय कपाटबांधणीत शेल्फच्या पिनांची भोकेही याच अंतराने असतात. दुसरे जर्मनीच्या फेस्टूल कंपनीचे डॉमिनो, ज्याचे बिट फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलते आणि गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडते. त्या खाचेत बीचच्या लाकडाची चपटी कूस, म्हणजे दोन्ही भागांत अर्धी-अर्धी शिरून त्यांना जोडणारी पट्टी, बसते. डॉमिनो मडगावच्या एका स्नेह्याने दिवसभरासाठी उसने दिले होते. डॉवेल यंत्र घेऊन कोल्हापूरच्या विक्रेत्याचा प्रतिनिधी सकाळीच आला होता.

प्रतिनिधीने प्लायच्या तुकड्यात भराभर भोके पाडून दाखवली. ती गोल, स्वच्छ आणि सारख्या खोलीची होती. आमचे मिस्त्री शांतपणे पाहत होते. मग ते म्हणाले, "साहेब, भोक पाडता ता दिसला. आता खंय पाडता ता बघूया."

त्यांनी रंधून सरळ केलेल्या ३०० मिलिमीटर लांबीच्या दोन सागवानी फळ्या घेतल्या, दोन्हींच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने खूण केली आणि यंत्राची कड, म्हणजे भोके वरून किती खाली पडावीत हे ठरवणारी त्याची सपाट पट्टी, त्याच बाजूवर टेकवून प्रत्येकीच्या कडेत मधोमध एकच जोडी पाडायला सांगितली. फेविकॉल न लावता खुंट्या घालून फळ्या जोडल्या आणि सपाट टेबलावर ठेवल्या. मध्यभागी सांधा एका पातळीत होता. एका टोकाला मात्र पहिली फळी वर होती आणि दुसऱ्या टोकाला तीच खाली. हा फरक सुमारे दोन मिलिमीटरचा, म्हणजे बोटाला सहज लागणारा होता.

कारण व्हर्नियर कॅलिपरने मोजल्यावर कळले. वरच्या पृष्ठभागापासून एक भोक दुसऱ्यापेक्षा ०.२ मिलिमीटर खाली होते, म्हणजे यंत्राची कड बिटांच्या रेषेला समांतर नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दोन्ही भोके सारखीच वर किंवा खाली सरकली, तर काही बिघडत नाही, कारण समोरच्या फळीतही ती तितकीच सरकतात आणि चूक फिटते. परंतु कड तिरकी असेल, तर फळ्या समोरासमोर येताना एकीचे डावे भोक दुसरीच्या उजव्या भोकासमोर येते आणि तिरकेपणा फिटण्याऐवजी दुप्पट होतो. ३२ मिलिमीटरमध्ये ०.४ मिलिमीटर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण मध्यापासून १५० मिलिमीटरवर तोच दोन मिलिमीटरच्या जवळ जातो. लांब सांध्यात अशा अनेक जोड्या असल्या, तर प्रत्येक जोडी आपापल्या जागी फळीला पिळू पाहते आणि सांधा हातोडीनेही पुरता मिटत नाही. मग दोष खुंटीला दिला जातो.

मिस्त्रींनी हिशेबाच्या वहीचा कागद फाडून, यंत्राच्या कडेच्या एका टोकाखाली घडी घालून ठेवला आणि सांधा सपाट येईपर्यंत घड्या वाढवल्या. प्रतिनिधी आधी थोडा नाराज झाला, नंतर स्वतःच वाकून पाहू लागला.

डॉमिनोची तीच परीक्षा पहिल्या खेपेला निर्दोष ठरली. शिवाय त्याची खाच हवी तर थोडी रुंद पाडता येते, त्यामुळे फळी लांबीच्या दिशेने किंचित सरकवून जुळवता येते. गोल खुंटी अशी सूट देत नाही. पैशाची अडचण नसती, तर मी दुसरा विचार केला नसता, हे मान्य केले पाहिजे. पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती आणि चपट्या कुसा बाहेरून मागवाव्या लागल्या असत्या, तर ८ मिलिमीटरच्या उभ्या चरांच्या खुंट्या आम्हाला सहज मिळतात. कपाटाचा सांधा उभ्या ओझ्याचा असतो. तेथे ३० मिलिमीटरची खुंटी, पृष्ठभागात १२ आणि कडेत २० मिलिमीटर खोल भोके, असा हिशेब पुरतो. उरलेले दोन मिलिमीटर फेविकॉलसाठी लागतात.

खुर्चीचे गणित वेगळे आहे. माणूस मागे रेलला की मागच्या पायाचा सांधा प्रत्येक वेळी उकलू पाहतो, आणि पायातल्या गोल भोकाच्या भिंतीचा बराच भाग तंतूंची टोके असलेला असतो, जेथे फेविकॉल कमी धरतो. म्हणून खुर्च्या डॉवेलवर करायच्या नाहीत, जुन्या राउटरने खाच पाडून सागाचीच चपटी कूस घालायची आणि तेलकटपणा जावा म्हणून चिकटवण्याआधी ती थिनरने पुसायची, असे त्याच दुपारी ठरले.

डॉवेल यंत्र आम्ही घेतले, पण आणलेले ते नव्हे. त्याच जातीची दुकानातली यंत्रे मिस्त्रींनी आपल्या फळ्या नेऊन तपासली आणि ज्याची कड कागदाशिवाय सरळ निघाली ते उचलले. खुंट्या मात्र कोकणच्या हवेत फुगतातच, आणि फुगलेली खुंटी अचूक भोकातही अर्ध्यावर अडते. त्यासाठी पत्र्याच्या पेटीत पिवळा बल्ब लावून ठेवला आहे. तेथे सुकलेली खुंटी भोकात सहज जाते आणि फेविकॉलमधले पाणी पिऊन आतल्या आत घट्ट बसते. पेटीला कुलूप आहे, कारण जेवणाच्या सुट्टीत कामगार ओले मोजे वाळवायला तीच उघडत होते.