अंग गरम लागतंय

दुपारी जरा आडवी झाले होते. झोप येणार नव्हतीच, नुसती अंगात कसकस होती. तेवढ्यात आमचे बोकेमहाराज आले, पुढच्या दोन पायांनी माझं पोट यथासांग मळून घेतलं आणि घुर्र घुर्र करत छातीवर ऐसपैस पसरले. एरवी हा मला हिंग लावूनही विचारत नाही. वाटी भरायची वेळ सोडली तर त्याच्या लेखी मी घरातलं एक जास्तीचं कपाट. तो आपणहून अंगावर येऊन बसला, म्हणजे मला ताप असणार.

त्याला तसाच काखोटीला मारून थर्मामीटर शोधला. डिजिटल. मला त्याचं ते टीं टीं अजिबात आवडत नाही. ताप माझा, जीभ माझी आणि 'झालं, काढा आता' हे ठरवणार तो! आकडा आला ९९.३. याच्याइतका अपमानकारक आकडा दुसरा नसेल. रजा टाकायला कमी, कामाला बसायला जास्त. घरात कुणाला सांगितलं तर 'हं' म्हणून पुढे निघून जातात.

आमच्या लहानपणी थर्मामीटर काचेचा होता आणि तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, पोरांचा हात पोचणार नाही असा असायचा. आई तो काढायची, मनगटाला असे दोन-तीन झटके द्यायची की पारा मुकाट खाली. मग जिभेखाली. बोलायचं नाही, चावायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. नेमका तेव्हाच भाऊ दारात येऊन तोंडं वेडीवाकडी करायचा. मग आई खिडकीपाशी जाऊन ती काचेची कांडी बोटांत हळूहळू फिरवायची. फिरवता फिरवता एका कोनात पाऱ्याची रेघ लख्खकन चमकायची. अर्धा केस सरकलं की गायब. ती रेघ मला कधीच दिसली नाही. मी 'हो, दिसली' म्हणायचे.

खरं तर थर्मामीटर नावापुरताच. निकाल आधीच लागलेला असायचा. आई हाताची पालथी बाजू आधी कपाळावर ठेवायची, मग गळ्यापाशी, मग पोटावर, आणि म्हणायची, "आहे थोडा." पारा बिचारा नंतर येऊन सही करायचा.

एकदा भावाने मला झटका कसा द्यायचा ते शिकवलं. पहिला झटका हवेत, दुसरा पलंगाच्या कडेवर. खळ्ळ. फरशीभर चांदीचे दाणे! बोट लावलं की निसटतात, दोन जवळ आणले की एक होतात आणि फरशी जराही ओली होत नाही. बाबांनी दोन कागदांनी ते गोळा केले आणि, आता सांगताना अंगावर काटा येतो, काड्यापेटीत घालून आम्हाला खेळायला दिले. पाऱ्याची वाफ छातीत जाते, ती भलतीच वाईट, हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. आम्ही चार दिवस तळहातावर घेऊन बसत होतो. घरात मांजर नव्हतं हे नशीब. पंजाला लागलं ते सगळं चाटणारी जात ती.

त्या काचेवर ९८.६ पाशी एक छोटा लाल बाण होता. बाणाच्या अलीकडे शाळा, पलीकडे सुट्टी. हा आकडा वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरामुळे रूढ झाला. १८६८ साली त्याने हजारो रुग्णांचा ताप मोजून निरोगी माणसाचा आकडा म्हणून ३७ अंश सेल्सिअस सांगितले. चांगला गोल आकडा. फॅरनहाइटमध्ये नेला तर ९८.६ झाला, आणि दशांशचिन्ह दिसलं की माणसाचा कशावरही विश्वास बसतो. खरं म्हणजे अंग सकाळी जरा गार असतं, संध्याकाळी जरा गरम. आताचे मोजणारे तर सरासरी त्याहून थोडी खालीच धरतात. म्हणजे मी कितीतरी वेळा फुकट शाळेत गेले असणार.

बोक्याचं निराळंच. नवीन आणला तेव्हा दोन दिवस खाईना, म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी शेपटी वर करून ताप घेतला (त्याने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही) आणि म्हणाले, "एकशे एक पॉइंट चार." मी मटकन खुर्चीत बसले. डॉक्टर हसायला लागले. मांजराचं अंग साधारण १००.५ ते १०२.५ असायचंच. आपल्याला ज्या तापात पांघरूण लागतं, त्या तापात ही मंडळी रोज पडद्यावर चढतात. त्यांना ऊबही आपल्यापेक्षा जास्त लागते. म्हणजे मला ताप आला की महाशय छातीवर येतात ते प्रेमाने नव्हे. शेगडी पेटली एवढंच त्यांना कळतं.

मागच्या वर्षी आई आजारी पडली तेव्हा मी तिच्या कपाळावर हात ठेवला. पालथाच, तिच्यासारखा. काही कळेना. म्हणाली, "तुझाच हात गार आहे. तुला सगळं जग गरम लागणार." थर्मामीटरमध्ये आलं ९७.८. मी निर्धास्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती तपासून चांगलीच कानउघाडणी केली. या वयात आत दुखणं असलं तरी ताप चढतोच असं नाही. तेव्हापासून मी तिला ताप विचारत नाही. जेवलीस का विचारते, आणि उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो ते ऐकते.

संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाजावरून तिने ओळखलं.

"अंग गरम लागतंय का?"

"मला कसं कळणार? माझंच कपाळ, माझाच हात."

"मग मोजलास का?"

"नव्व्याण्णव पॉइंट तीन. पण दुपारपासून बोका उठला नाहीये अंगावरून."

आई जरा थांबली.

"मग आहे," म्हणाली. "त्याला उठवू नकोस."