लाकडी घोडा आणि मातीचा रांजण

तुर्कस्तानातल्या चनाक्कलेला आम्ही संध्याकाळी उशिरा पोहोचलो आणि हॉटेलात सामान टाकून तसेच समुद्राकडे निघालो, कारण ज्याच्या ओढीने एवढा प्रवास केला होता तो ट्रॉयचा घोडा काठावरच उभा असल्याचे आम्हांला ठाऊक होते. दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीला लागून एक फरसबंद रस्ता जातो. कुटुंबेच्या कुटुंबे तिथे पाय मोकळे करायला येतात, चहाचे चिमुकले पेले हातोहात फिरत असतात, आणि त्या सगळ्या वर्दळीच्या वर तो काळपट, अवाढव्य घोडा मान किंचित झुकवून उभा असतो. वोल्फगांग पीटरसन यांच्या २००४ सालच्या ‘ट्रॉय’ या चित्रपटासाठी तो घडवला गेला आणि काम संपल्यावर या शहराला भेट म्हणून मिळाला. माझी थोरली बहीण आणि मी, आम्ही दोघींनी तो चित्रपट पुण्यात पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. ताईने तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्या रात्री घरी परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली होती, “घोडा सुरेख केलाय, पण पुढचं सगळं सोडून दिलं गं.” हा प्रवास खरे तर त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठीच आम्ही केला.

घोडा सुरेख केला आहे, यात शंका नाही. मोडक्या, जळक्या गलबतांच्या फळ्या गोळा करून दोरखंडांनी आवळाव्यात तशी त्याची घडण आहे. दहा वर्षे परक्या किनाऱ्यावर तळ ठोकून बसलेल्या ग्रीक सैन्याकडे लाकूड म्हणून जहाजांखेरीज दुसरे काय असणार, हा कलादिग्दर्शकाचा विचार मला फार आवडला. जवळ जाऊन पाहिले तर ती फळी लाकडाची नसून फायबरग्लासची आहे, तरी तिच्यावरच्या भेगा आणि काजळी इतकी हुबेहूब आहे की हात लावून खात्री करून घ्यावीशी वाटते. ताई घोड्याभोवती सावकाश चालत होती. तिला तसे चालताना पाहून मला होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गातली हेलन आठवली, जिच्यासाठी हे युद्ध झाले ती. घोडा ट्रॉयच्या तटाच्या आत आणल्यानंतर हेलन त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारते, त्याच्या पोकळ अंगावरून हात फिरवते आणि आत लपलेल्या योद्ध्यांना त्यांच्या त्यांच्या बायकांच्या आवाजात हाका मारते. आतले पुरुष त्या आवाजाने व्याकूळ होतात आणि ओडिसियस एकाच्या तोंडावर हात दाबून धरतो. इतका ताणाचा प्रसंग चित्रपटात का घेतला नसेल, याचे मला आजही नवल वाटते.

घोड्याची कथा होमरच्याच ‘इलियड’ या ट्रॉय-युद्धाच्या महाकाव्यात नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘इलियड’ ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी थांबते. तेव्हा ट्रॉय उभे असते आणि ग्रीकांचा मोठा योद्धा अकिलीसही जिवंत असतो. घोड्याचे उल्लेख येतात ते ‘ओडिसी’त, आणि तेही कुणीतरी कुणाला सांगितलेली जुनी आठवण म्हणून. आज आपल्या मनात असलेली सविस्तर कथा, ट्रॉयचा पुजारी लाओकोऑन याचा इशारा, समुद्रातून आलेले साप, सिनॉन या ग्रीकाचे खोटे बोलणे, हे सारे मुख्यतः व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या सर्गातून, म्हणजे होमरनंतर कितीतरी शतकांनी, एका रोमन कवीकडून आपल्याला मिळाले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोल्मुशने, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या छोट्या गाडीने, तीसएक किलोमीटरवरच्या हिसारलिकला, म्हणजे प्राचीन ट्रॉयच्या टेकडीवर, गेलो. होमर या नगरीला वारंवार ‘वाऱ्याची’ असे विशेषण लावतो, आणि टेकडीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या ते विशेषण किती खरे आहे ते कळते; ओढणी सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली. हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकाराने १८७० नंतर इथे मोठी खोदाई केली, त्या घाईत टेकडीच्या पोटातून एक रुंद चर काढला, आणि ज्या काळाचा तो शोध घेत होता त्याच काळाचे अवशेष त्याच्या कुदळीखाली कायमचे नष्ट झाले. एकावर एक अशा नऊ मुख्य वस्त्यांचे थर इथे आहेत. युद्धाशी ज्यांचा संबंध जोडला जातो त्या सहाव्या आणि सातव्या थरांतली तटबंदी पाहून मी थबकले, कारण ती सरळसोट नसून खालून वर आत झुकत जाते आणि तिचे दगड इतके नेमके घडवलेले आहेत की सांध्यात नख शिरत नाही. वर उभे राहिले की खाली शेते दिसतात, त्यांच्या पलीकडे सामुद्रधुनी. ग्रीकांची जहाजे जिथे नांगरली असतील त्या खाडीत नदीने इतका गाळ आणून टाकला आहे की समुद्र आता कित्येक किलोमीटर मागे हटला आहे.

अवशेषांजवळच, तेवफिकिये गावापाशी, गंजलेल्या पोलादाच्या रंगाची एक चौकोनी इमारत आहे. ते २०१८ साली उघडलेले ट्रॉय संग्रहालय. इथे आम्ही चार तास होतो आणि त्यातला दीड तास एकाच वस्तूपुढे गेला. १९९४ साली गुमुशचाय गावाजवळच्या एका दफनटेकाडात सापडलेली ही संगमरवरी शवपेटी इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीची मानतात आणि तिला पॉलिक्सेनाची शवपेटी असे नाव पडले आहे. पॉलिक्सेना ही ट्रॉयचा राजा प्रायम याची धाकटी मुलगी. ट्रॉय पडल्यावर, मेलेल्या अकिलीसच्या थडग्यावर तिचा बळी दिला गेला. शिल्पात तीन पुरुषांनी तिला आडवे उचलून धरले आहे, जसा एखादा ओंडका उचलावा तसे, आणि अकिलीसचा मुलगा निओप्टोलेमस एका हाताने तिचे केस धरून दुसऱ्या हाताने गळ्यात सुरी खुपसतो आहे. बाजूला स्त्रियांची रांग आहे. कुणी कपाळ बडवून घेते, कुणी केस उपटते. एका अरुंद बाजूवर एक म्हातारी बसली आहे. तिला अभ्यासक प्रायमची राणी हेकाबी मानतात. मागच्या लांब बाजूवर मात्र वाद्ये वाजत आहेत आणि नाच चालला आहे. एकाच दगडाच्या दोन बाजूंना ही दोन दृश्ये का कोरली असावीत, याचा विचार करत मी त्या पेटीभोवती किती वेळा फिरले ते मोजले नाही.

चित्रपटात पॉलिक्सेना नाही. हेक्टरची पत्नी अँड्रोमकी आपल्या तान्ह्या मुलाला, अस्त्यानॅक्सला, घेऊन गुप्त मार्गाने सुखरूप निसटते; ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन तिथल्या तिथे मारला जातो; देव तर कुठेच नाहीत. पडद्यासाठी कथा बदलणे हा गुन्हा नव्हे, ग्रीक नाटककारही एकाच कथेची निरनिराळी रूपे मांडत असत, आणि प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येऊन मुलाच्या प्रेताची भीक मागतो तो प्रसंग पीटर ओटूल यांनी असा उभा केला आहे की त्यासाठी मी या चित्रपटाची कायमची ऋणी आहे. पण त्या बाळाला वाचवल्यामुळे कथेचा कणाच हरवतो. परंपरेत ते बाळ ट्रॉयच्या तटावरून खाली फेकले जाते. मिखाइल काकोयानिस यांनी १९७१ साली ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘ट्रोजन स्त्रिया’ या नाटकावर चित्रपट केला, त्यात कॅथरीन हेपबर्न हेकाबी आहेत, व्हनेसा रेडग्रेव्ह अँड्रोमकी आणि आयरिन पापास हेलन. तिथे लढाई दिसतच नाही. उरलेल्या स्त्रिया दिसतात आणि कोण कुणाच्या वाट्याला गेली ते त्यांना एकेक करून सांगितले जाते. आपल्या महाभारतात अठरा दिवसांच्या युद्धानंतर व्यासांनी स्त्रीपर्व रचले आणि गांधारीला रणभूमीवर नेले; ‘ट्रोजन स्त्रिया’ पाहताना मला दर वेळी तेच पर्व आठवते.

इझमीरहून आम्ही अथेन्सला गेलो. तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला सोन्याचा ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ अर्थात पाहिला, जो श्लीमानला १८७६ साली मायसीनीत सापडला आणि जो ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा सुमारे तीन शतके जुना आहे. तो देखणा आहे, पण माझे लक्ष पुढच्या बोटीकडे लागले होते. राफिना बंदरातून सकाळची बोट निघाली. वारा जोरात होता आणि ताईने सबंध वेळ आल्याची वडी चघळत डोळे मिटून काढला.

मायकोनोस या ग्रीक बेटाचे नाव आज लोकांना पांढरी घरे, पवनचक्क्या आणि रात्रीच्या मौजमजेसाठी माहीत आहे. बंदराजवळचे छोटे पुरातत्त्व संग्रहालय मात्र शांत असते. ते विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले ते शेजारच्या रिनिया बेटावरच्या थडग्यांतल्या वस्तू ठेवण्यासाठी. ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो तो रांजण इथे नंतर आला. तो १९६१ साली या गावातच सापडला आणि त्याच्या आत माणसाची हाडे होती. इसवी सनपूर्व ६७०च्या सुमारास घडवलेला, साधारण एक मीटर चौतीस सेंटीमीटर उंचीचा, तांबूस मातीचा हा रांजण, आणि त्याच्या मानेवर उठावात काढलेला ट्रोजन घोडा. या प्रसंगाच्या ज्ञात चित्रणांत हा सर्वांत जुन्यांपैकी एक.

आमच्या आजोळी धान्याचे रांजण असत, तेवढ्याच उंचीचा तो होता, म्हणून की काय, पहिल्या क्षणी तो मला परका वाटलाच नाही. घोड्याच्या खुरांना चाके आहेत. पोटात आणि मानेत चौकोनी खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीतून एकेका योद्ध्याचे डोके बाहेर डोकावते. लपून बसलेली माणसे दिसावीत कशी, हा प्रश्न त्या कुंभाराने किती सोपेपणाने सोडवला! काही जण शस्त्रे बाहेर काढून देत आहेत, काही उतरून घोड्याभोवती चालू लागले आहेत. चाकांवरचा घोडा मी पूर्वी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही पाहिला होता, आणि तो गांधार शिल्पातला होता: भाल्याने घोड्याला अडवणारा पुरुष आणि नगरद्वारात हात वर करून उभी असलेली स्त्री, बहुधा प्रायमची भविष्यवेत्ती मुलगी कॅसँड्रा, अशी ती पाटी. आपल्याकडे वत्सराज उदयनाला पकडण्यासाठी सैनिक भरलेला यांत्रिक हत्ती रानात उभा केल्याची कथा भासाच्या नाटकात आहे. या दोन कथांचे एकमेकींशी काही नाते असेल का, हे मला सांगता येणार नाही, पण त्या रांजणासमोर दोन्ही आठवल्या खऱ्या.

मग नजर मानेवरून खाली पोटाकडे उतरली. घोड्याला कुंभाराने एक चौकट दिली आहे. खाली तीन ओळींत लहान लहान चौकटी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींत एक सैनिक, एक स्त्री आणि एक मूल, एवढेच आहे. कुठे आईने हात पुढे केले आहेत. कुठे तलवार मुलाच्या अंगात शिरली आहे. एका ठिकाणी सैनिकाने मुलाला पायाला धरून उलटे उचलले आहे; तो अस्त्यानॅक्स असावा, असे म्हणतात.

‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस घोड्याची कथा गातो. गाण्याची फर्माईश खुद्द ओडिसियसचीच असते, घोड्याची युक्तीही त्याचीच. पण गाणे ऐकताना तो रडू लागतो, आणि कवी म्हणतो की तो असा रडला, जशी नगरासमोर पडलेल्या आपल्या नवऱ्याला मिठी मारून एखादी स्त्री रडते आणि मागून शत्रू भाल्याच्या दांड्यांनी तिच्या पाठीवर टोचत तिला दास्यात ओढून नेतात. विजेत्याच्या डोळ्यांतले अश्रू त्याने हरलेल्या बाईचे केले. होमरचे हे शब्द आणि हा रांजण कदाचित एकाच शतकातले असतील. त्या काळच्या सांगणाऱ्यांना घोड्याबरोबर ही बाई सांगितल्याशिवाय कथा पुरी झाली असे वाटत नसावे.

युरिपिडीसने ‘ट्रोजन स्त्रिया’ अथेन्समध्ये सादर केले ते इसवी सनपूर्व ४१५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी अथेन्सने याच सायक्लडीझ द्वीपसमूहातले मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले होते आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले होते. प्रेक्षकांत ते युद्ध लढून आलेले लोक बसले असणार.

ताई रांजणाजवळ वाकून सगळ्यांत खालची ओळ पाहत होती. चष्मा वर सारून ती मला म्हणाली, “ही बघ, हिने मुलाला पदराआड घेतलंय.” मी वाकून पाहिले. कपड्याची ती घडी मातीत एका बोटाने दाबून काढलेली होती, आणि तिच्या आत मुलाचे एवढेसे डोके होते.