उडतं कपाट

काल रात्री माझं कपाट दोनशे फूट वर गेलं. सकाळी पाहिलं तेव्हा ते भिंतीला पाठ लावून जागच्या जागी उभं होतं, माथ्यावरच्या जुन्या मासिकांची चळतही हलली नव्हती. पण मधल्या फळीवरचा आल्टिमीटर छातीठोकपणे सांगत होता की आपण रात्रीतून दोनशे फूट चढलो. खिडकी उघडली. आभाळ निरभ्र. मग आईच्या खोलीत डोकावलो, तर ती गुडघा चोळत बसलेली.

"पाऊस येतोय बघ," ती म्हणाली.

तिच्या गुडघ्यांचं आणि माझ्या आल्टिमीटरचं या बाबतीत सहसा एकमत असतं. कधी गुडघे आधी बोलतात, कधी काटा. चुकायचं झालं तर दोघं मिळून चुकतात.

तसा यात चमत्कार काही नाही. आल्टिमीटर हा विमानातला उंचीमापक खरा, पण उंची म्हणजे काय ते त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. त्याला कळतो तो हवेचा दाब. त्याच्या पोटात नालीदार पातळ पत्र्याच्या चपट्या डब्या असतात, आतली हवा काढून घेऊन तोंड बंद केलेल्या. बाहेरचा दाब उतरला की त्या केसभर फुगतात, आणि ते एवढंसं फुगणं दातेरी चाकांमधून वाढत वाढत काट्यापर्यंत पोचतं. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कल उतरला की काटा सुमारे २७ फूट चढतो. दाब तुम्ही वर गेल्यामुळे उतरला की पावसाळी हवा आल्यामुळे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून तर वैमानिकाला त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब विचारून घेऊन तबकडीवरच्या चिमुकल्या खिडकीत तो आकडा लावावा लागतो. पॉल कोल्समनने १९२८ मध्ये अचूक आल्टिमीटर बनवला; त्या खिडकीला त्याचं नाव अजून चिकटलेलं आहे. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने कॉकपिट झाकून घेतलं आणि बाहेरचं काहीएक न बघता, नुसत्या तबकड्यांच्या भरवशावर विमान वर नेलं, वळवलं आणि परत आणून उतरवलं. त्या तबकड्यांत एक कोल्समनचा आल्टिमीटर होता. हे सगळं मी एकदा आईला रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गुडघ्याला नाही का तशी खिडकी बसवता येत?"

जुन्या लढाऊ विमानांचे सुटे भाग जमवायचे, ते साफ करायचे, चालण्यासारखे असतील तर चालते करायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद. आई पाहुण्यांना सांगते, "ह्याच्याकडे विमान आहे." पाहुणे आशेने खिडकीबाहेर बघतात. मग ती सावरून घेते, "एकदम नाही, थोडं थोडं आहे." माझ्या संग्रहाचं इतकं नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही.

लोकांना वाटतं, या माणसाला युद्धाचं वेड आहे. लढाया मला तारखांसकट आठवत नाहीत आणि कोणत्या विमानाने कोणाला पाडलं यावरच्या वादांत मी पडत नाही. मला खेचते ती घाईत केलेल्या कामातली निगुती. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं आणि पुढे ते वीस हजारांहून जास्त संख्येने बनलं. एवढ्या धबडग्यातसुद्धा कोणीतरी बसून विचार केला होता की चाकांच्या ब्रेकची मूठ वैमानिकाच्या हाताशी, विमान वळवायच्या दांड्याच्या कड्यावरच असावी, अगदी सायकलसारखी. किंवा ते सहा मापकांचं पॅनेल घ्या. वेग, क्षितिज, चढउताराचा दर, उंची, दिशा आणि वळण. ब्रिटिश हवाई दलाने १९३७ मध्ये ठरवलं की हे सहा जण विमानाविमानांत असे आणि याच क्रमाने बसतील. वैमानिक बदलला, विमान बदललं, तरी ढगात शिरल्यावर नजरेने ओळखीच्या वाटेनेच फिरावं. असं काही हातात आलं की मी ते विकत घेणाऱ्यासारखा पाहत नाही, वाचतो.

आणि वाचायला पुष्कळ असतं. ब्रिटिश वस्तूवर मुकुट आणि खाली एएम, म्हणजे एअर मिनिस्ट्री. मापक असेल तर बहुधा '६ए'ने सुरू होणारा भांडारक्रमांक. जर्मन वस्तूवर 'एफएल'ने सुरू होणारा क्रमांक आणि बऱ्याचदा तीन अक्षरांचा कारखान्याचा संकेत. माल कुठे बनला हे शत्रूला कळू नये, नाहीतर बॉम्ब नेमके तिथे पडतील, म्हणून नावाऐवजी अक्षरं. ती गुप्त अक्षरं आज माझ्यासारख्या निरुद्योगी लोकांना तोंडपाठ असतात.

पण खरं शिक्षण होतं ते स्क्रूंच्या हातून. ब्रिटिश उपकरणांतले बारीक स्क्रू बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, मापाचे असतात. ही पद्धत १८८४ पासूनची आणि चक्रम म्हणावी इतकी तर्कशुद्ध: शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, एक मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाचा त्याच्या आधीच्याच्या ०.९ पट. आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आकडा जेवढा मोठा तेवढा स्क्रू लहान. सुरुवातीला मला यातलं काही माहीत नव्हतं. एका मापकाच्या आवरणाचा स्क्रू हरवला, तेव्हा मी डब्यातला पाच मिलिमीटरचा साधा मेट्रिक स्क्रू लावून पाहिला. तो छान लागला. म्हणजे दोन फेरे छान लागला. २ बीएचा पिच ०.८१, याचा ०.८; आटे ओळखीचे वाटले आणि त्यांनी दार उघडलं. जाडी मात्र याची पाच आणि त्यांची ४.७. तिसऱ्या फेऱ्याला घट्ट लागला, तेव्हा मला वाटलं, बसतोय. चौथ्याला जरा जोर लावला. पाचव्याला एकदम सैल. हाताला जो हलकेपणा जाणवतो ना त्या क्षणी, तो ज्याने अनुभवला असेल त्याला पुढचं सांगायला नको. साठ-सत्तर वर्षं टिकलेले आटे मी संध्याकाळच्या चहाआधी घालवले. आता स्क्रू निघाला की तो लगेच ज्या भोकातून निघाला त्याच्या चित्रावर टोचून ठेवतो. कागदावर आवरणाचा आराखडा काढायचा आणि त्यात स्क्रू खोचायचे. जुनी युक्ती आहे, पण ती आटे गेल्याशिवाय सुचत नाही.

धातूचंही तसंच. विमानाचा पत्रा म्हणजे ॲल्युमिनियम, असं आपण सहज म्हणतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ. आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन धातुशास्त्रज्ञाने १९०६ च्या सुमारास त्यात थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घालून, तापवून, गार करून पाहिलं. अपेक्षेइतका कडक झाला नाही. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा तपासला, तर तो आपणहून कडक झालेला. नुसता पडून राहून! हेच ते ड्युरॅल्युमिन. याच गुणामुळे विमानाचे काही प्रकारचे रिव्हेट तापवून गार केल्यावर थेट बर्फासारख्या थंडीत ठेवतात. बाहेर राहिले तर ते ठोकायच्या आधीच घट्ट होऊन बसतात. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये रिव्हेटची डबी ठेवायची परवानगी मी मागून पाहिली. त्या चर्चेचा तपशील इथे देत नाही.

तांब्यामुळे बळ आलं, पण त्याच तांब्यामुळे हा धातू खाल्ला जातो. म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तो थर गेला, खारट ओल शिरली, की पत्रा कडेने सुटायला लागतो. भिजून वाळलेल्या पुस्तकासारखे त्याचे पापुद्रे निघतात. हे आतून चाललेलं असतं. वरून रंग शाबूत, आणि नखाने दाबलं तर खाली पांढरी भुकटी. वर पुन्हा कुणीतरी पितळी किंवा लोखंडी स्क्रू लावलेला असेल तर विचारूच नका. दोन वेगळे धातू आणि ओल, म्हणजे तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिची किंमत ॲल्युमिनियम मोजतं.

माझं सगळ्यात मोठं पाप याच पत्र्याचं आहे. छंदाच्या पहिल्या वर्षी एक तपासणीचं झाकण मिळालं होतं, तळहातापेक्षा थोडं मोठं. आतून हिरवट पिवळा प्राइमर, बाहेरून उडालेला रंग. मी उत्साहाने दोन रविवार घासलं. पॉलिशपेपरने, मग मलमाने, मग मऊ कापडाने. आरसा झाला अगदी. (तो हिरवट पिवळा थर बहुतेक वेळा झिंक क्रोमेटचा असतो आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाणं म्हणजे कर्करोगाला आमंत्रण, हे मला नंतर कळलं. मी तोंडाला रुमालसुद्धा बांधला नव्हता.) घासताना आतल्या बाजूला एके ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा दिसल्या होत्या. दोन आकडे असावेत, आणि पुढे नावासारखं काहीतरी, किंवा नुसती सही. मी म्हटलं, हा एवढा कोपरा झाला की बघू. कापड पुढे सरकलं होतं.

ते झाकण अजून आहे. त्यात तोंड स्पष्ट दिसतं.

तेव्हापासून मी कमी घासतो. खरं म्हणजे आता बहुतेक वस्तूंना मी मऊ ब्रश, थोडं कोमट पाणी आणि भरपूर वेळ याशिवाय काही लावत नाही. अडकलेल्या पेचाला तेल पाजून आठवडाभर विसरून जातो. रंग उडालेला असेल तर उडालेलाच राहू देतो; कुणाचा तरी बूट रोज तिथेच घासत होता, त्यावर नवा रंग चढवून मी काय सांगणार? चालते करण्याचा मोहही आवरावा लागतो. वेगमापकात हवा दोन वाटांनी येते, एक समोरून आपटणारी आणि एक आजूबाजूची शांत, आणि या दोहोंमधला फरक म्हणजे वेग. समोरची हवा पकडणारी नळी आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याची. त्याने १७३२ मध्ये ती सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला बुडवली होती. माझ्या भाच्याने त्या भोकात तोंडाने हळूच फुंकलं, तर काटा ताशी दोनशे मैलांवर. "मामा, मी स्पिटफायर आहे!" तो हवेत होता आणि मी घामाघूम. आतली डबी नाजूक, त्यात फुंकरीची वाफ. मी आता इंजेक्शनच्या सिरिंजला रबरी नळी लावून थेंबाथेंबाने दाब देतो आणि भाचा आला की वेगमापक कपाटात जातो.

काही तबकड्या मी उघडतच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ मापकांचे आकडे किरणोत्सारी रेडियमच्या रंगाने रंगवलेले आहेत. अंधारात ते आता चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की विझले. विझलेलं असतं ते त्यातलं चमकणारं जस्ताचं संयुग. रेडियमला निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात; त्याच्या हिशेबाने युद्ध आज सकाळीच संपलंय. घड्याळांच्या तबकड्या रंगवताना ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींचं १९२० च्या दशकात काय झालं, हे वाचल्यावर काच उघडण्याची हौस फिटते. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर. ज्याच्याजवळ तो कडकडला ते मापक मी घेत नाही.

आणि कोसळलेल्या विमानांचं काही मी घेत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ पासून कायदाच आहे. लष्करी विमान जिथे पडलं ती जागा परवान्याशिवाय उकरता येत नाही. कायदा नसता तरी नसतं घेतलं. तिथे कुणीतरी अजून असू शकतं.

मग उरतं काय? गोदामातला माल. मोडीत निघालेल्या, किंवा विमानात कधी बसल्याच नाहीत अशा वस्तू. माझ्या छंदातली ही जरा लाजिरवाणी गोष्ट. पाहुणे आल्टिमीटर हातात घेऊन हळू आवाजात विचारतात, "हा कुठे कुठे गेला असेल नाही?" मी मान हलवतो. तो मला मिळाला तेव्हा मेणकागदात गुंडाळलेला होता, पेटीची चिकटपट्टी शाबूत, आत तपासणीचं कार्ड. युद्धानंतरचा, आकड्यांना साधा पांढरा रंग. स्क्रूच्या खाचांवर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे पॅनेलमध्ये तो कधी बसलाच नसणार. तो बनला, तपासला गेला, गुंडाळला गेला आणि फळीवर वाट बघत राहिला. पस्तीस हजार फुटांपर्यंतचे आकडे अंगावर घेऊन.

त्याने आयुष्यात केलेली सगळी चढाई माझ्या कपाटातली आहे.

हे लक्षात आल्यापासून मी त्याला रोज सकाळी बघतो. एक कळलं: सरळ बघून चालत नाही, काचेवर टिचकी मारावी लागते. आतली चाकं घर्षणाने किंचित अडकतात आणि काटा मागे राहतो. जुन्या विमानांत इंजिनच एवढं थरथरायचं की हा प्रश्नच नसे; जेट आली, थरथर कमी झाली, तेव्हा आल्टिमीटर हलता राहावा म्हणून मुद्दाम कंपक बसवावे लागले. माझ्याकडे इंजिन नाही. बोट आहे.

मघाशी मारली टिचकी. काटा जरासा दचकला आणि आणखी वीस फूट वर गेला.

"किती?" आईने आतून विचारलं.

"दोनशे वीस."

"छत्री घेऊन जा."