सुप्याच्या माळावर थंडीतला एक दिवस (जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती)

गेल्या शनिवारी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जाऊन आलो, मयुरेश्वर अभयारण्यात. दर थंडीत एक फेरी असतेच पण लिहायचं राहून जातं, यावेळी ऑफिसातल्या दोघा-तिघांनी कसं जायचं काय बघायचं असं विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो, मी, बायको आणि मेहुणा. सोलापूर हायवेनं चौफुला आणि तिथून सुप्याचा रस्ता. सासवड-जेजुरी-मोरगाव करूनही जाता येतं. मार्ग कुठलाही घ्या पण उजाडताना गेटवर हवं, कारण थंडीतले पहिले दोन-अडीच तासच खरे, दहानंतर ऊन चढलं की चिंकारा (हरणासारखा छोटा प्राणी) बोरी-बाभळीच्या सावलीत बसतात आणि पन्नास पावलांवर असूनही दिसत नाहीत. गेटवर नोंद करायची, पावती घ्यायची, आणि जमलं तर तिथलाच एखादा माणूस सोबत घ्यायचा. गावातल्या माणसाला या माळातून चार पैसे मिळाले तर तो माळ राखेल, हे माझं पक्कं मत आहे.

अभयारण्य छोटंसं, जेमतेम ५.१४ चौरस किमी, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. ताडोबासारखं काहीतरी डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात वाटेल की इथं काहीच नाहीये. नुसतं पिवळं गवत, मुरुम, मधूनच एखादं हिवराचं झाड. थांबायचं. गाडीचं इंजिन बंद करून वीस मिनिटं गप्प बसायचं बस. आम्ही बसलो तर समोरच्या दगडांमधलाच एक दगड चालायला लागला, धाविक पक्षी होता. मग डोंबारी पक्ष्यांची जोडी, मग माळटिटवी, आणि मेहुण्यानं हळूच हात दाबला तिकडं बघितलं तर चिंकाऱ्याची मादी. मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा बारीक. अंग अगदी स्तब्ध आणि तेवढी काळी शेपटी सारखी हलतेय. आमचा वास लागला असावा, नाकातून शिंकल्यासारखा आवाज केला आणि तीन उड्यांत गेली.

कपडे मळकट रंगाचे घाला, बूट बंद, आणि मोजे सुती नकोत. कुसळी गवताची कुसळं सुती मोज्यात घुसली की दिवसभर टोचतात. पण एक कुसळ फेकू नका, तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. बायकोनं टाकला तर ते काळं शेपूट आपोआप गरागरा फिरायला लागलं! पावसात ओलं झालं की असंच फिरत फिरत टोकाचं बी मुरुमात रुतवतं, ज्या जमिनीत आपली पहार वाकते तिथं. अशा जागेला सरकारी कागदात पडीक जमीन म्हणतात याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आणि पडीक म्हटलं की झाडं लावायचे खड्डे आलेच. मी स्वतः कॉलेजात असताना अशाच एका माळावर गिरिपुष्पाची रोपं लावलीत, फोटो काढलेत, अभिमानानं. आता कळतं की झाडं वाढली की सावलीत हे गवत मरतं, चिंकाऱ्याला लांबचं दिसेनासं होतं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. त्यामुळे तुमच्या सोसायटीनं किंवा कंपनीनं माळावर वृक्षारोपण ठरवलं तर कृपा करून आधी विचारा की तिथं मुळात काय आहे. झाडं लावायला गावं, रस्ते, बांध भरपूर आहेत.

दुपारी मोरगावला दर्शन आणि जेवण. येताना रस्त्याच्या कडेला धनगर मामा मेंढरं घेऊन बसले होते, त्यांच्याशी गप्पा झाल्या. म्हटलं मामा लांडगा फिरकतो का इकडं?

"फिरकतो की. परवा एक कोकरू न्हेलं. पर त्यो एकच न्हेतो ओ दादा, ही मोकाट कुत्री वाघरात (मेंढरांभोवतीच्या जाळीत) घुसली की पाच-सा फाडून तशीच टाकत्यात."

कुत्र्यांचं हे खरंच फार वाढलंय. हायवेकडेला कोंबड्यांची घाण आणि धाब्याचं उष्टं टाकतात त्यावर टोळ्या पोसल्या जातात, त्या चिंकाऱ्यामागं लागतात, त्यांचे रोग लांडग्या-खोकडांना लागतात. त्यामुळे डब्यातलं उरलेलं पोळीचं तुकडंसुद्धा माळावर टाकू नका, घरी आणा. आपला पाळीव कुत्रा तर न्यायचाच नाही.

लांडग्यांबद्दल अजून एक. थंडीत त्यांची पिल्लं बिळात असतात. आम्ही अभयारण्याबाहेरच्या एका माळावर होतो तेव्हा दोन मोठ्या गाड्या वाट सोडून गवतातून एका लांडग्यामागं पळवत होत्या, खिडकीतून लेन्स बाहेर. इतकी चीड आली. लांडगा पळून गेला पण मादी अशी वारंवार हुसकली गेली की पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, त्यात काही दगावतात. गाडी वाटेवरच ठेवा, बीळ दिसलं तर मागं फिरा, आणि फोटो टाकताना जागेचं नाव टाकू नका. मीही त्या माळाचं नाव म्हणूनच लिहीत नाहीये.

संध्याकाळी साडेपाचनंतरचा अर्धा तास चुकवू नका. भोवत्या हे शिकारी पक्षी, कझाकस्तानच्या बाजूनं हिवाळ्यापुरते येतात, दिवसभर नाकतोडे खातात आणि रात्री झाडावर नाही तर गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. पहिला एकटाच आला, गवतावरून तरंगत दोन घिरट्या, मग कुठूनतरी दुसरा, पाचवा, मोजत होतो तर एकोणीस झाले. प्रत्येकजण खाली उतरायचा, परत उठायचा, जागा पसंत नसल्यासारखा. ८×४२ ची दुर्बीण असेल तर दोनशे मीटरवरून छान दिसतं, त्याहून जवळ जायचं कामच नाही. जवळ गेलात आणि ते उठले तर अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते. मार्चच्या आत जा, नंतर वणव्यांचे दिवस सुरू होतात, आणि सिगारेट वगैरे अजिबात नको, एवढ्या वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते.

शेवटचा भोवत्या बसला तेव्हा गार वारा सुटला होता. टॉर्च न लावता पायवाटेच्या पांढुरक्या मातीवरनं गाडीपर्यंत आलो.