उरलेल्या चौघांची उतरंड

लीगचे सामने संपले, खालचे संघ घरी गेले आणि वरचे तेवढे उरले, की त्या उरलेल्यांची उतरंड लावायची खाज फुटबॉलच्या माणसाला हमखास सुटते. वास्तविक गुणतालिका समोर असते. पहिला कोण, दुसरा कोण, हे पाच-सहा महिने खेळून ठरलेलं असतं. तरी हा गृहस्थ कागद-पेन घेऊन नवी यादी करायला बसतोच. जुनी यादी पुढच्या दोन आठवड्यांबद्दल फारसं काही बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आपल्या इंडियन सुपर लीगचंच बघा. 2014 ते 2025 या काळात अकरा मोसम झाले. त्यांत तालिकेत पहिल्या आलेल्या संघानेच शेवटी कपही उचलला, असं तीनदा घडलं: 2018-19 ला बंगळुरू, 2020-21 ला मुंबई सिटी आणि 2024-25 ला मोहन बागान. दुसऱ्या नंबरवरून आलेल्यांनी चारदा बाजी मारली, तिसऱ्यावरून आलेल्यांनी तीनदा, आणि 2016 मध्ये कोलकात्याची एटीके तर चौथ्या जागेवरून येऊन कप घेऊन गेली. कपासाठी पहिल्यापेक्षा दुसरा नंबर बरा, असं कुणी म्हणालंच तर आकडे त्याच्या बाजूने आहेत. अकरा मोसम म्हणजे पुरावा तसा तुटपुंजाच, पण कट्ट्यावरच्या वादाला एवढा पुरे.

पहिल्या नंबरला काहीच मिळत नसे असं नाही. 2022-23 ते 2024-25 या मोसमांत त्याला लीग जिंकल्याची शिल्ड मिळे, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे लीगनंतर कपासाठी होणाऱ्या बाद सामन्यांत, पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळे. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा असे दोन बाद सामने वरच्या संघाच्या मैदानावर होत. तिथून जिंकून आलेले दोघे उपांत्य फेरीत वरच्या दोघांना भिडत. तिथे मात्र एकेक सामना एकेकाच्या गावी, दोन्हींचे गोल एकत्र मोजून निकाल. फायनल एकच.

हा जो एक टप्पा वाचतो, त्याची किंमत लोक फार कमी धरतात. समजा, एखादा संघ इतका तगडा आहे की प्रत्येक टप्पा पार करण्याची त्याची शक्यता 60 टक्के. दोन टप्पे असतील तर कप जिंकण्याची शक्यता 36 टक्के. तीन असतील तर जेमतेम 22. संघ तोच, खेळ तोच, नुसत्या एका जादा सामन्याने चौदा टक्के उडाले. पाचव्या-सहाव्या जागेवरून आजवर कुणी कप नेलेला नाही, त्यामागे हा गुणाकार आहेच. शिवाय सहा संघांची ही पद्धत आली 2022-23 मध्ये, त्याआधी चारच संघ असायचे.

आता 2025 चा मार्च घेऊ, कारण यादी करणाऱ्याची परीक्षा पाहणारा असा महिना क्वचित मिळतो. चोवीस सामन्यांनंतर मोहन बागान 56 गुण, एफसी गोवा 48. त्यांच्याखाली बंगळुरू, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर तिघेही 38 वर. मुंबई सिटी 36. बरोबरीतल्या तिघांत गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून, पाहिला तर नॉर्थईस्ट अधिक 17, बंगळुरू अधिक 9 आणि जमशेदपूर चक्क वजा 6. तरी तिसरी जागा बंगळुरूला मिळाली. कारण या लीगमध्ये गुण सारखे झाले की आधी आपसातल्या लढतींचा हिशेब होतो, गोलफरक मागाहून. हा नियम नजरेआड करून यादी करणाऱ्यांची तिसरी-चौथी जागा दर वर्षी चुकते.

गोलफरकाला मात्र उतरंडीत मोल आहे. वजा गोलफरक असून बारा सामने जिंकलेल्या जमशेदपूरचा अर्थ काय? जिंकले ते बरेचसे थोडक्यात, आणि हरले तेव्हा धुऊन निघाले. असा संघ चोवीस सामन्यांच्या लीगमध्ये पहिला येणार नाही. एखाद्या रात्री चिवटपणे सामना ओढून न्यायला मात्र तो बरोबर कामाचा. त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक खालिद जमील, त्याच्या संघांची तशी ख्यातीच आहे. नॉर्थईस्टचं नेमकं उलट. 46 गोल, त्यांतले 23 एकट्या अलाएद्दीन अजारेचे. निम्मे गोल एका माणसाचे! लीगमध्ये ही चैन परवडते, कारण एका सामन्यात तो बांधला गेला तर पुढच्या सामन्यात सुटतो. बाद सामन्यात ‘पुढचा’ नसतो. 30 मार्चला शिलाँगमध्ये जमशेदपूरने त्याला एकही गोल करू दिला नाही आणि सामना 2-0 असा घेतला. गोलफरकातली तेवीसची दरी नव्वद मिनिटांत बुजली.

अलीकडचा फॉर्म, म्हणजे शेवटचे पाच सामने, हा सगळ्यांचा आवडता निकष. आणि सर्वांत फसवाही. त्याचा मासला त्याच महिन्यातला. 11 मार्चला मुंबई सिटीला सहावी जागा पक्की करायची होती, सामना बंगळुरूच्या कंठीरवावर. मुंबई 2-0 ने जिंकली. अठरा दिवसांनी तेच मैदान, तेच दोन संघ, बाद सामना. बंगळुरू 5, मुंबई 0. पहिल्या वेळी बंगळुरूची जागा प्लेऑफमध्ये आधीच नक्की झालेली होती, त्यांना त्या रात्री गमवायला फार काही नव्हतं. दुसऱ्या वेळी होतं. त्यामुळे शेवटचे पाच निकाल मांडताना प्रत्येकासमोर एक खूण करावी: या सामन्याची गरज कुणाला होती? दोघांना असेल तरच तो निकाल धरायचा. असं केलं की पाचांतले दोन-तीनच उरतात, आणि खरी माहिती तेवढीच असते.

तर 30 मार्चच्या रात्री चार संघ उरले. बागान विरुद्ध जमशेदपूर, गोवा विरुद्ध बंगळुरू. लावा उतरंड.

बागान पहिला, यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. चोवीस सामन्यांत फक्त 16 गोल खाल्लेले, घरी एकदाही हरलेले नाहीत, गोलमध्ये विशाल कैथ. पण त्यांचे मोसमातले दोन पराभव कुठले? सप्टेंबरात बंगळुरूकडून बंगळुरूत 0-3, डिसेंबरात गोव्याकडून त्यांच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला 1-2. म्हणजे त्यांना हरवून दाखवलेले दोन्ही संघ अजून स्पर्धेत, आणि दोघांपैकी एक फायनलला येणार हे ठरलेलं. दिलासा असा की फायनल वरच्या संघाच्या घरी, म्हणजे कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर.

दुसऱ्या जागेवर खरा घोळ. तालिकेत गोवा दहा गुणांनी वर. पण गोव्याचा शेवटचा लीग सामना 8 मार्चला झाला होता आणि पुढचा 2 एप्रिलला. पंचवीस दिवस क्लबचा एकही सामना नाही. विश्रांती चांगली, पण तीन आठवड्यांच्या पुढे गेली की पासांची वेळ चुकायला लागते, पहिली वीस मिनिटं पाय जड वाटतात. मधल्या काळात काहीजण भारताच्या शिबिरात आणि बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात, उरलेले सराव मैदानावर; संघ एकत्र असा कमीच. बंगळुरू मात्र नुकताच पाच गोल मारून आलेला, अंग तापलेलं. उलट बाजूने पाहिलं तर दमणूक त्यांच्या वाट्याला: 29 मार्च, 2 एप्रिल, 6 एप्रिल. नऊ दिवसांत तीन सामने, आणि चाळिशीतला सुनील छेत्री. इथे बाकावर कोण आहे ते बघायचं. मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात, त्यामुळे पाचवा-सहावा परदेशी बाकावरून साठाव्या मिनिटाला येऊन सामना फिरवू शकतो की नुसती जागा भरतो, यावर बरंच अवलंबून असतं.

अशा वेळी नुसतं एक-दोन-तीन-चार लिहिण्यापेक्षा टक्के लिहावेत. ही शिस्त कडू आहे, कारण बेरीज शंभरच व्हावी लागते. बहुतेकांच्या मनात बागान साठ, गोवा चाळीस, बंगळुरू तीस, जमशेदपूर वीस असं काहीतरी असतं; बेरीज केली तर दीडशे! बरं, ती रचायची टप्प्याटप्प्याने. बागान जमशेदपूरला हरवेल: 75 टक्के. तिथून फायनल जिंकेल: 60 टक्के. गुणाकार 45. जमशेदपूरचे उरलेले 25, त्यांना फायनलमध्ये 40 टक्के संधी दिली तर हाती 10. राहिले 45, ते गोवा आणि बंगळुरूत वाटायचे. गोव्याला उपांत्य फेरीत 55-45 असं झुकतं माप दिलं की गोवा 25, बंगळुरू 20. झाली उतरंड. पहिल्या नंबरचा संघसुद्धा कप न जिंकण्याचीच शक्यता जास्त निघाली, हे पाहून कोलकात्याचा माणूस चिडतो. पण गुणाकाराला काय करणार?

गोव्याला ते 55 का, तर परतीचा सामना फातोर्ड्याला. दोन सामन्यांच्या लढतीत दुसरा सामना घरी असणं फायद्याचं, कारण जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर त्याही घरच्याच प्रेक्षकांपुढे. 2023 मध्ये हे उलटं होतं, परतीचा सामना खालच्या संघाच्या गावी झाला. मुंबई सिटी घरी 0-1 हरली, बंगळुरूत 2-1 जिंकली, एकूण 2-2, आणि पेनल्टींवर 9-8 ने बाहेर गेली. परगावच्या गोलला जादा वजन देणारा जुना नियम असता तर मुंबईच फायनलला गेली असती, हे इथल्या चाहत्यांना अजून डाचतं. तो नियम इथे लागू नाही. त्यामुळे ‘परगावी एक गोल तरी झाला ना’ या जुन्या समाधानाला आता काही अर्थ उरलेला नाही, 2-1 हरला तर एक गोल मागे, बस.

पुढे काय झालं? बंगळुरूत गोवा 0-2 हरला, पहिला गोल तर गोव्याच्याच संदेश झिंगनचा स्वयंगोल. परतीच्या सामन्यात 49 व्या मिनिटाला बोर्हा हेरेरा, 88 व्या मिनिटाला अर्मांदो सादिकू. एकूण 2-2, जादा वेळ समोर दिसतोय, फातोर्डा पेटलेलं. आणि 92 व्या मिनिटाला छेत्री. कोलकात्यातही तीच गत: जमशेदपूरने घरच्या सामन्यात 2-1 अशी आघाडी घेतलेली, परतीला बागान 1-0 पुढे, आणि भरपाई वेळेत बागानच्या अपुइयाचा लांबून मारलेला फटका. दोन्ही उपांत्य लढती 3-2, दोन्ही भरपाई वेळेत सुटल्या.

गोव्याच्या माणसाला हे नवीन नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. 2015 च्या फायनलला फातोर्ड्याच्याच मैदानावर गोवा 87 व्या मिनिटाला 2-1 पुढे गेला आणि चेन्नईयिनकडून 3-2 हरला. 2024 च्या एप्रिलमध्ये उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात 2-0 पुढे होता, तो नव्वदाव्या मिनिटापर्यंत. त्यानंतर मुंबई सिटीने तीन गोल केले, त्यांतले दोन छांगतेचे. गोवा दोनदा तालिकेत पहिला आला, दोनदा फायनल खेळला; कप एकदाही नाही. 2019 ची फायनल तर मुंबईत, अंधेरीला, बंगळुरूविरुद्ध 117 व्या मिनिटाला गेली, आणि गोल मारणारा बंगळुरूचा राहुल भेके निघाला मूळचा मुंबईचाच. तेव्हा उतरंड लावताना ‘शेवटची दहा मिनिटं’ असा वेगळा रकाना ठेवावा. तिथे बघायचं ते इतकंच: आघाडी टिकवायला प्रशिक्षक कुणाला आत आणतो, आणि तो आत आला की संघ किती मीटर मागे सरकतो. पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर पाच-सहा जण उभे राहायला लागले, की समोरच्याचा कुणीतरी पंचवीस मीटरवर मोकळा सापडतोच. अपुइया तसाच सापडला होता.

फायनलला दोनच संघ उरतात आणि उतरंडीचा नुसता काटा होतो. 12 एप्रिलला बागान विरुद्ध बंगळुरू. सॉल्ट लेकवर जानेवारीत बागान लिस्टन कुलासोच्या गोलने 1-0 जिंकलेला. बंगळुरूचा तो 3-0 स्वतःच्या घरचा. बंगळुरू पंधरा दिवसांतला चौथा सामना खेळणार. 60-40 पेक्षा वर मात्र कुणी जाऊ नये, कारण वर्षभरापूर्वी याच मैदानावर, याच लोकांपुढे बागान फायनलमध्ये 1-0 आघाडीवरून मुंबईकडून 1-3 हरला होता. या वेळी 49 व्या मिनिटाला बागानच्या अल्बेर्तो रोद्रिगेसने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला, 72 व्या मिनिटाला जेसन कमिंग्सने पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा वेळेत, 96 व्या मिनिटाला जेमी मॅक्लारेनने कप आणला. बागानला पहिला नंबर देणारे सगळेच त्या रात्री ‘आम्ही तर आधीच सांगितलं होतं’ म्हणत फिरले. 49 ते 72 या मिनिटांत त्यांतला एकही आपली यादी खिशातून काढायला तयार नव्हता.