बाबांना कुठला कॅमेरा दिलास गे?

बाबांनी काढलेले फोटो गल्लीच्या ग्रुपवर पडायला लागल्यापासून महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच, "कुठला कॅमेरा दिलास गे त्यांना? आमच्या अण्णांसाठी पण बघायचाय." विचारणारे बहुतेक पुण्यात नाहीतर बेंगळुरात नोकरीला, आईवडील इकडे बेळगाव-खानापूरला. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी माझी चूक. पहिला कॅमेरा मी घेतला तो माझ्या आवडीचा: गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलायची, 24 मेगापिक्सेल. बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, 38 वर्षं टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. मशीनला बिचकणारा माणूस नव्हे, सहज शिकतील असं मला वाटलं. त्यांनी तो हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला, "भारीतला दिसतोय गे" म्हणाले आणि कातडी पिशवीसकट कपाटात ठेवून दिला. मध्ये पावसाळा गेला. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी. दिवाळीला निपाणीहून माहेरी गेले, कॅमेरा काढला, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. एकही फोटो काढलेला नव्हता. "पडला-बिडला तर?" एवढंच म्हणाले.

मोबाईल का नको, हेही लोक विचारतात. आहे की त्यांच्याकडे मोबाईल. पण लेथवर उडणाऱ्या धातूच्या तापलेल्या चिप्सनी बोटांची टोकं इतकी निबर झालीत, की काचेला त्यांचा स्पर्शच नीट कळत नाही. फोटो काढायला जावं तर टॉर्च लागते, नाहीतर तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. त्यांना दाबल्यावर बोटाला कळेल असं बटण पाहिजे होतं. हे कळायला मला एक कॅमेरा बुरशीला द्यावा लागला.

दुसऱ्या वेळी म्हणून मी मेगापिक्सेल बघितलेच नाहीत. खिशात मावणारा, निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतला, दोन पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालणारा वापरलेला कॅमेरा घेतला. वापरलेला, कारण असले साधे कॅमेरे आता फारसे निघतच नाहीत. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली जगभर 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे दुकानांत गेले होते, 2023 मध्ये 80 लाखसुद्धा नाहीत. मोबाईलनं खाल्ले. नवाच पाहिजे असेल तर कोडॅक पिक्सप्रोचा एफझेड45 दोन पेन्सिल सेलवरच चालतो. लिथियम बॅटरीचे कॅमेरे वाईट नाहीत, पण पाच-सहा वर्षांनी ती बॅटरी हुडकत गावभर कोण फिरणार? पेन्सिल सेल अनगोळच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

मिळतात, पण कुठले ते बघा. पहिल्याच आठवड्यात बाबांचा फोन, "बंद पडलं गे तुझं मशीन. पाच फोटो झाले, संपलं." टीव्हीच्या रिमोटचे स्वस्तातले सेल काढून घातले होते! रिमोटला वीज थेंबथेंब लागते, कॅमेऱ्याला एकदम घोटभर. साध्या सेलला तेवढी देता येत नाही. निकेल मेटल हायड्राइडचे चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर कॅमेऱ्याबरोबरच द्या. दोन आत, दोन खिशात.

दुकानदार मेगापिक्सेल सांगायला लागला तर एवढं ध्यानात ठेवा. 4 बाय 6 इंचाच्या प्रिंटला, इंचाला 300 ठिपके धरले तरी 1800 गुणिले 1200, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरासं वर, एवढंच लागतं. असल्या कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर असतो सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत आणखी मेगापिक्सेल कोंबून काय मिळणार? सेन्सरचं माप बाबांना सांगितलं तर ते मोजायला व्हर्नियर आणायला उठले. खोलायचा नाही म्हणून आईनं दम दिला तेव्हा बसले.

देण्याआधी मी एक अख्खी संध्याकाळ तो कॅमेरा घेऊन बसले होते. तारीख-वेळ घातली. मोड ऑटोवर ठेवला. प्रत्येक बटणाला होणारा टिकटिक आवाज बंद केला, शटरचा ठेवला, कारण फोटो निघाला हे कळायला पाहिजे. 16 जीबीचं कार्ड घातलं. जुन्या कॅमेऱ्यांना 32 च्या पुढचं कार्ड बहुतेक चालत नाही, आणि लागतंय कशाला? आणि भाषा बदलली. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीही आहे. 1956 पासून जिथं भाषेवरून ओढाताण चाललीय त्या गावात बाबांनी कॅमेरा सुरू केला, मेनू वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. "इथल्या कचेरीत मिळंना ते जपान्यानं दिलं की गे!" त्यानंतर त्यांनी तो मेनू परत उघडला असेल असं वाटत नाही. पण बघायला येईल त्याला उघडून दाखवतात.

शिकवताना एकच गोष्ट शिकवायची. शटर अर्धं दाबून थांबायचं, चौकट हिरवी झाली की पुरतं दाबायचं. मी दहा वेळा सांगितलं, दहाही फोटो धूसर. अकराव्या वेळी बाबांनी तर्जनी बटणावर ठेवली, श्वास धरला, अर्ध्यावर आणली आणि तिथंच थांबले. बोट जराही हललं नाही. "असं सांग की मग," म्हणाले. "लेथवर टूल आधी जॉबला, कातायच्या तुकड्याला, टेकवायचं, डायल झिरो करायचा, मग कट द्यायचा." त्या दिवसापासून एकही फोटो धूसर नाही. उलट माझेच असतात. त्यांनी पहिला मनासारखा काढलेला फोटो तुळशीकट्ट्यावर ठेवलेल्या पितळी बोल्टचा. फुलाचं चिन्ह म्हणजे जवळचा फोटो, हे त्यांनी आपणच हुडकलं. आटा न् आटा मोजता येतो त्यात. ग्रुपवर कुणाला काय कळलं नाही, पण उद्यमबागेतल्या दोघांनी लगेच साइज विचारला.

सगळं जमतं असं मात्र नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो काढायला मोठ्या उत्साहानं गेले, आणि आले ते काळे. एवढ्याशा फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरच्या पुढं पोचत नाही. पुढच्या वर्षी फ्लॅश बंद करून, कॅमेरा एका पायरीवर टेकवून काढले. पालख्या, झांजा सगळं हललेलं, पण मागचा कमानीवरचा उजेड स्वच्छ. तेच फोटो गल्लीत फिरले.

पावसाळ्याची सोय सांगायची राहिली. कातडी पिशवीत ठेवूच नका. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं, मग बदलायचे. हे काम आईकडे आहे. लोणच्याच्या बरण्यांशेजारी कॅमेऱ्याचा डबा असतो आणि त्यावर तिनं पट्टी चिकटवलीय, "हे खायचं नव्हे".

राहता राहिली किंमत. विचारणारच आहेत, तयारीत राहा. पहिल्या कॅमेऱ्याची खरी सांगितली होती, म्हणून तर तो कपाटात बसला. या वेळी मी सरळ सातशे म्हणून सांगितलं. बाबा खूश. इतके खूश, की कट्ट्यावरच्या दोघा मित्रांना त्यांनी त्याच भावात आणून द्यायचं कबूल केलंय, आणि एकाचे पैसेही घेऊन ठेवलेत. तेव्हा असला कॅमेरा कुणी विकणार असाल तर मला आधी कळवा.