आमची वाटचाल : घड्याळाने घातलेला घोळ

हिंगणघाट तालुक्यात संगणकाचं दुकान म्हणजे कापसाशी भांडण आलंच. हंगामात जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, संगणक उघडला की हिटसिंकवर (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) रुईची गादी बसलेली. ब्लोअर, जुना दातब्रश, स्टार पेचकस आणि रॅमचे (मेमरीच्या पट्टीचे) पाय घासायला शाळेचं खोडरबर, एवढ्यावर आमचं अर्धं पोट भरलं. थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हिटसिंकमधला लेप, तुरीच्या दाण्याएवढीच लावा, जास्त लावून यंत्र थंड होत नाही. असो.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो. भागीदार विकायचा, मी दुरुस्त करायचो. एप्रिल 2014 मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, म्हणजे कंपनीने अपडेट देणं थांबवलं, तेव्हा मी म्हटलं, जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकू, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. त्याला क्रॅक केलेली (चोरीची) विंडोज खपवायची होती. वेगळे झालो. त्याने रस्त्यापलीकडेच शटर उघडलं आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगू लागला, "फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंदा होते का?"

मग बरीच वर्षं दुकान चाललं.

आमच्यावर पहिल्यापासून भरवसा ठेवणारे एका जिनिंगचे दिवाणजी. चुकारे, सरकीचे सौदे, गाठींच्या गाड्या, सगळं त्यांनी लिनक्सवर आणलं. त्यांना मी कॅलेंडरची कामांची यादी शिकवली. पॅनेलच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली की महिना उघडतो, बाजूला त्या दिवसाची कामं. माणूस खूश!

आणि ऐन हंगामात, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग असताना, त्यांचा फोन. "बावा, घड्याय येते अन् जाते, संगं सारा डेस्कटॉपच नेते."

मी पोहोचायच्या आधी आमचे जुने भागीदार तिथे हजर, हातात पेनड्राइव्ह. म्हणे फॉरमॅट मारू. मालकांनी मला संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरी आज्ञांच्या पडद्यावर, गेलो. डिस्क धड, रॅम धड. नवीन युजर काढला, तर त्याच्यावर डेस्कटॉप ठणठणीत. म्हणजे दुखणं दिवाणजींच्याच खात्यात. जीडीबी या चूक शोधायच्या साधनातून बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना कोणी कोणाला हाक मारली त्याची यादी, काढला आणि खालून वर वाचत गेलो: घड्याळाचं विजेट, त्यातलं कॅलेंडर, आणि सगळ्यात वर कामांची यादी वाचणारं प्लगइन (जोड-तुकडा). त्या डेस्कटॉपवर पॅनेल, मेनू, वॉलपेपर आणि घड्याळ एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, चालतात. घड्याळ कोसळलं की सगळंच कोसळतं, आपोआप पुन्हा सुरू होतं, तीच यादी वाचतं आणि पुन्हा आडवं.

अशा याद्या ज्या ठरलेल्या स्वरूपात साठवतात त्या आयकॅलेंडरच्या 2009 च्या मानकात, म्हणजे आरएफसी 5545 मध्ये, कामाला सुरुवातीची किंवा मुदतीची तारीख असलीच पाहिजे असं बंधन नाही. दिवाणजींनी "सवडीने बारदाना मोजणे" असली बिनतारखेची कामं टाकली होती. प्लगइन तारीख गृहीत धरून चाललं होतं. त्या कामांना तारखा दिल्या, घड्याळ थांबलं नाही. एकाची तारीख काढली, पडदा गेला. खात्री पटली, तेव्हा सेटिंगच्या फाइलमधून प्लगइनच बंद केलं. यादी तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये नीट उघडते, घड्याळ फक्त वेळ दाखवतं.

बाजारात मात्र बोंब झाली की यांच्या लिनक्सने जिनिंग बंद पाडली. जिनिंग एक मिनिट थांबली नव्हती. वजनकाटा वेगळ्याच संगणकावर होता. ऐकतं कोण? एक शाळा, एक कृषी केंद्र आणि पतसंस्था त्याच हंगामात रस्ता ओलांडून गेली. पतसंस्थेचं तर मला आजही लागतं, त्यांचं सर्व्हर मी रात्री जागून उभं केलं होतं. दिवाणजी हलले नाहीत. मालकांना म्हणाले, "यानं कारण सांगतलं. तो दुसरा तं निस्ता फॉरमॅटच म्हणत होता."

तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर मी एक जादा युजर काढून ठेवतो, दुखणं यंत्राचं की खात्याचं ते लगेच कळतं. तुम्हीही ठेवा. आणि अपडेटच्या आधी होममधलं कॉन्फिग फोल्डर (तुमच्या खात्यातल्या सेटिंगच्या फाइली) कॉपी करून ठेवा, दुकानदार सांगो न सांगो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. आता पलीकडच्या दुकानातून घेतलेली यंत्रं आमच्या टेबलावर येतात. या, लिनक्स टाकून देऊ. फक्त पासवर्ड आठवून या, निम्मी माणसं तिथेच अडतात.